जुन्या डेस्कटॉपवर नवीन ऑपरेटिंग सिस्टम टाकायची आहे? मग आधी कॅबिनेट उघडा

माझा डेस्कटॉप २०१२ चा आहे. सेकंड जनरेशनचा आय-थ्री, एच-६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज ७. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी मी ते वापरत राहिलो, मग क्रोमने १०९ व्हर्जननंतर विंडोज ७ ला अपडेट देणं बंद केलं आणि एकेक वेबसाईट नीट उघडेनाशी झाली. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं, ब्राउझर उघडायला अजून एक. सगळ्यांनी सांगितलं की भंगारात दे आणि नवीन घे. मी नाही दिला. आज त्याच डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम चालते, अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप येतो, आणि हा लेख त्यावरच टाईप करतोय.

यात खरं इन्स्टॉल फक्त वीस-पंचवीस मिनिटांचं आहे. वेळ जातो तो त्याच्या आधीच्या तयारीत, आणि लोक चुकतात तेही तिथेच. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी तेवढं वाचा.

मशीनमध्ये नक्की काय आहे ते लिहून काढा

एक कागद घ्या. प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि कुठली, हार्ड डिस्क किती जीबीची, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का, वायफाय कशावर चालतं, प्रिंटरचं मॉडेल काय. विंडोजमध्ये माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की प्रोसेसर आणि रॅम दिसते. तिथेच सिस्टम टाईप अशी एक ओळ असते, ती नीट वाचा. बऱ्याच जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असतं पण प्रोसेसर ६४ बिटचा असतो, आणि विंडोज ८ पासून पुढे त्या ओळीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात; विंडोज ७ मध्ये तिथे फक्त विंडोज किती बिटचं तेच दिसतं, प्रोसेसरचं त्याच्या नावावरून शोधा. प्रोसेसर ६४ बिट असेल तर रस्ता मोकळा. खरोखरच ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर मात्र जास्त अपेक्षा ठेवू नका, उबंटू-मिंटने ३२ बिट केव्हाच सोडलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. तसल्या मशीनवर जीव आटवण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हार्ड डिस्कची तब्येत. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट टूल आहे, ते चालवा. निळ्या रंगात गुड आलं तर ठीक, पिवळ्या रंगात कॉशन आलं तर त्या डिस्कवर नवीन सिस्टम अजिबात टाकू नका. खाली लांबलचक यादी असते, त्यात रिअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघायच्या, त्यांची रॉ व्हॅल्यू शून्य हवी. पेंडिंगमध्ये आकडा दिसतोय म्हणजे डिस्कला काही जागा आत्ताच वाचता येत नाहीयेत, अशा वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा बाहेर काढा.

कॅबिनेट उघडा

पॉवर केबल काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, अंगातली स्टॅटिक रॅमला मारक असते. धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने काढा, पण हवा मारताना प्रोसेसरच्या फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, फॅन गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. माझ्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता, चिमटीने उचलून काढला तर एक अखंड चौकोनी तुकडा बाहेर आला. मशीन हळू चालायचं एक कारण तेच होतं, प्रोसेसर तापला की तो स्वतःहून स्पीड कमी करतो. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय परत बसवू नका, वाटाण्याएवढा ठिपका मधोमध पुरतो.

मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. दहा वर्षांत तो बदलला नसेल तर आत्ता बदला. ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण सेल उतरला की मशीनची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक वेबसाईटचं सर्टिफिकेट नाकारतो. माझ्याकडे पहिल्यांदा लाईव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राईव्हवरून, मिंट चालवलं तेव्हा एकही साईट उघडेना, तासभर मी वायफायच्या मागे लागलो होतो, आणि घड्याळात बघतो तर २०१२ चा जानेवारी.

फुगलेले कपॅसिटर दिसतात का तेही बघा. त्या छोट्या नळकांड्यांचं वरचं टोक सपाट हवं. वर आलेलं किंवा तपकिरी गळती झालेलं दिसलं तर बोर्ड रिपेअर केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खर्च करायचाच असेल तर एसएसडीवर करा

हे मी अगदी कळकळीने सांगतो. ऑपरेटिंग सिस्टम कुठलीही टाका, फिरत्या हार्ड डिस्कवर ती रडणारच. सिस्टम सुरू होताना हजारो बारीक बारीक फाईल्स वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात आणि हार्ड डिस्कचं डोकं प्रत्येक वेळी सरकून तिथपर्यंत जातं, त्यातच सगळा वेळ जातो. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात सरकणारं काहीच नाही. "पण माझा बोर्ड जुना आहे, त्यावर साटा-२ आहे" असं म्हणून लोक मागे हटतात. साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची पद्धत. एच-६१ वरही साटा-२ च आहे, म्हणजे जास्तीत जास्त ३०० एमबी प्रति सेकंदच्या आसपास मिळतं, आणि तरीही फरक जमीन-अस्मानाचा आहे. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची, भरपूर झाली.

त्यानंतर रॅम. ४ जीबीवर काम भागतं, ८ जीबीवर मन रमतं. रॅम घेताना तुमच्या बोर्डवर डीडीआर-२ आहे की ३ की ४ ते आधी बघा, खाच वेगवेगळ्या जागी असते त्यामुळे चुकीची बसतच नाही, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. जुनी रॅम काढून तिचे सोनेरी पिन साध्या खोडरबरने हलकेच पुसून परत लावली तर कित्येकदा विनाकारण हँग होणं थांबतं. रॅमबद्दल शंका असेल तर मेमटेस्ट हे रॅम तपासायचं टूल रात्रभर चालवा, एक जरी लाल एरर आली तरी ती स्टिक बाद.

बॅकअप, आणि इथे गडबड नको

माझ्या मावसभावाच्या पीसीवर मी हीच चूक केलीय म्हणून सांगतो. त्याने सगळे फोटो सी ड्राईव्हवरून डी ड्राईव्हवर टाकले आणि मला म्हणाला, "दादा, बॅकअप झाला, तू कर फॉरमॅट." मीही विचारलं नाही. इन्स्टॉलरमध्ये पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला आणि सी, डी दोन्ही गेले, कारण ती एकाच डिस्कची दोन पार्टिशन, म्हणजे पाडलेले दोन भाग, होती. नंतर फोटोरेक नावाच्या टूलने बरेचसे फोटो परत मिळाले, पण ते फाईलची नावं आणि फोल्डर परत देत नाही, हजारो फोटो नुसत्या नंबरांनी, कुठला कधीचा काही पत्ता नाही. तो काही बोलला नाही, पण मला अजून वाईट वाटतं.

तर बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर. एक्स्टर्नल डिस्क, दुसरा कॉम्प्युटर, क्लाउड, काहीही, पण या मशीनच्या बाहेर. आणि कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाईल्स उघडून बघायच्या, नुसतं फोल्डर दिसलं म्हणजे झालं असं नाही. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतात. विसरतात ते डेस्कटॉपवर पडलेल्या फाईल्स, डाउनलोड्स फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुकच्या पीएसटी फाईल्स, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर जो बऱ्याचदा थेट सी ड्राईव्हवर असतो, आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की. वायफायचा पासवर्डही कागदावर लिहा. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी काढून ठेवा.

कुठली सिस्टम टाकायची

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे आता नव्याने विंडोज १० टाकणं मला पटत नाही.

विंडोज ११ हवं असेल तर त्याच्या अटी आहेत: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढचा किंवा रायझन २००० सिरीजपासून पुढचा. तुमचं मशीन २०१८-१९ चं असेल आणि तरीही "चालणार नाही" असा मेसेज येत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा टीपीएम बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफ-टीपीएम. चालू करा आणि पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं टूल परत चालवा. पण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करून मगच यूईएफआयवर जायचं, त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न पुसता काम होतं, तरी बॅकअप घेऊनच करा.

त्याहून जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, रुफस या पेन ड्राईव्ह बनवायच्या टूलमध्ये तर नुसती टिक करायची सोय आहे. मी त्या वाटेला जात नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ ही क्षमता नसेल तर ते बूटच होत नाही, म्हणजे कोअर टू ड्युओची सगळीच मॉडेल्स तिथेच संपली. रोजच्या कामाचं मशीन असं टांगणीवर कशाला ठेवायचं.

म्हणून माझं उत्तर लिनक्स मिंट. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर बांधलंय आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. कमीत कमी २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात, पण ४ जीबीच्या खाली मी टाकणार नाही. त्याच्या तीन एडिशन आहेत, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई, ८ जीबी आणि एसएसडी असेल तर बिनधास्त सिनॅमन. विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला दोन्हीत स्टार्ट मेनू, टास्कबार सगळं जिथल्या तिथे सापडतं.

मात्र टाकण्याआधी स्वतःला विचारा की कुठल्या सॉफ्टवेअरशिवाय चालणारच नाही. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, साधी पत्रं आणि हिशेबाच्या शीट्स, हे सगळं होतं, लिबर ऑफिस आतच येतं. पण मॅक्रो असलेल्या मोठ्या एक्सेल फाईल्स, फोटोशॉप, फक्त विंडोजवर चालणारं अकाउंटिंग, यातलं काही रोज लागत असेल तर लिनक्सवर रडत बसाल, तेव्हा तो निर्णय आधीच घ्या.

पेन ड्राईव्ह बनवणं

८ जीबीचा पेन ड्राईव्ह पुरतो, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. मिंटच्या साईटवरून आयएसओ फाईल, म्हणजे पूर्ण इन्स्टॉलर असलेली एकच फाईल, घ्या, साधारण ३ जीबीची असते. डाउनलोड झाल्यावर चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, तपासा, हे लोक हमखास टाळतात आणि मग इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर अडकलं की मशीनला दोष देतात. सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राईट क्लिक करून एसएचए-२५६ निवडायचं, जो लांबलचक आकडा येईल तो साईटवर दिलेल्या आकड्याशी जुळवायचा. पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं जुळली तरी अर्धवट डाउनलोड पकडायला पुरेसं आहे.

मग रुफस किंवा एचर या टूलने ती पेन ड्राईव्हवर चढवा. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम विचारतो, तिथे जुन्या बायॉसच्या मशीनला एमबीआर आणि यूईएफआयवाल्याला जीपीटी. कॉपी-पेस्ट करून आयएसओ फाईल पेन ड्राईव्हवर टाकली तर ती बूट होत नाही.

बायॉस

मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. तीन गोष्टी बघायच्या. तारीख-वेळ बरोबर आहे का, साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते) एएचसीआय आहे का, आणि यूएसबीवरून बूट चालू आहे का. जुन्या बोर्डांवर साटा मोड आयडीई वर ठेवलेला असतो, एसएसडीसाठी तो एएचसीआय हवा. पण हा बदल नवीन सिस्टम टाकायच्या वेळीच करा, कारण जुनं विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल तर मोड बदलल्यावर ते निळी स्क्रीन दाखवून बंद पडतं. तसं झालं तर घाबरायचं नाही, मोड परत आयडीई केला की ते चालू होतं.

बूट मेनूसाठी वेगळी की असते, कुठे एफ-१२, कुठे एफ-११, कुठे एफ-८ किंवा एस्केप, सुरुवातीच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पेन ड्राईव्ह यादीत दिसत नसेल तर मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला लावा, पुढचे पोर्ट वायरवरून येतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ते सैल झालेले असतात.

आधी नुसतं चालवून बघा

पेन ड्राईव्हवरून मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. ते इन्स्टॉल न करताच पूर्ण चालतं, त्याचा फायदा घ्या. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मॉनिटरचं रिझोल्यूशन बरोबर आहे का, प्रिंटर दिसतो का, एखादा व्हिडिओ अडखळतो का. इथे जे चालतं ते पुढेही चालणार. पेन ड्राईव्हवरून असल्यामुळे थोडं हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका. स्क्रीन काळीच राहिली तर मशीन रिस्टार्ट करून सुरुवातीच्या मेनूमध्ये कंपॅटिबिलिटी मोड निवडा, जुन्या एनव्हीडिया कार्डवर हे हमखास लागतं.

इन्स्टॉल

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. मशीन बंद करा, जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा, फक्त नवी एसएसडी लावा. मग इन्स्टॉलरमध्ये काहीही निवडलं तरी जुना डेटा पुसला जाणं शक्यच नाही. मावसभावाच्या प्रकारानंतर मी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने इन्स्टॉल केलेलं नाही.

इन्स्टॉल आयकॉनवर डबल क्लिक, भाषा, कीबोर्ड, मग मल्टिमीडिया कोडेक्सची टिक करा नाहीतर नंतर काही व्हिडिओ चालत नाहीत. पुढे डिस्क पुसून इन्स्टॉल करायचा पर्याय. खात्री करणारी एक खिडकी येते, त्यात डिस्कचं नाव लिहिलेलं असतं, एसडीए किंवा एसडीबी. कंटिन्यू दाबायच्या आधी हात थांबवा आणि ते नाव तुमच्याच एसएसडीचं आहे ना ते बघा. मग टाइमझोन, नाव, पासवर्ड, झालं. पासवर्ड कागदावर लिहा, अपडेट करताना दरवेळी लागतो. या वीस मिनिटांत लाईट जाणार नाही अशी वेळ निवडा. शेवटी पेन ड्राईव्ह काढून एंटर दाबायला सांगेल.

एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायची सोय आहे, पण जुन्या मशीनवर मी ती सुचवत नाही. दोन सिस्टम हव्याच असतील तर दोन वेगळ्या डिस्क वापरा आणि बूट मेनूतून निवडा, एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते.

पहिल्या दिवशी करायची कामं

स्वागताची खिडकी उघडते तिच्यातच सगळं ओळीने दिलंय. सगळ्यात आधी टाईमशिफ्ट लावा, ते सिस्टमचा स्नॅपशॉट घेतं, काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. मग अपडेट मॅनेजर, पहिल्यांदा बरंच काही येतं, होऊ द्या आणि रिस्टार्ट करा. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफाय किंवा ग्राफिक्ससाठी काही सुचवतंय का बघा. खूप जुन्या एनव्हीडिया कार्डांना कंपनीचा ड्रायव्हर लिनक्सच्या नव्या कर्नलवर (गाभ्यावर) चालत नाही, तिथे आपोआप आलेला नूवो ड्रायव्हरच राहू द्या, उगाच इकडून तिकडून ड्रायव्हर शोधून टाकू नका, बऱ्याच चांगल्या चाललेल्या सिस्टम त्यानेच बिघडतात.

४ जीबी रॅमवर असाल तर ब्राउझरमध्ये एका वेळी सात-आठ टॅबच्या वर जाऊ नका, आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, जुन्या प्रोसेसरवर त्याचा फरक लगेच जाणवतो. स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये जाऊन नको ते बंद करा, ब्लूटूथ नसलेल्या मशीनवर ब्लूटूथचं काय काम.

जुन्या हार्ड डिस्कची केबल मात्र लगेच लावू नका. मी महिनाभर ती तशीच सुटी ठेवली होती, कारण काहीतरी राहिलंय हे तिसऱ्या आठवड्यात आठवतं, आणि मला आठवलंच, स्कॅन केलेल्या कागदांचं एक फोल्डर कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हतं. केबल लावली, मिंटने डिस्क सरळ उघडली, फोल्डर कॉपी केला. विंडोज ८ किंवा १० ची डिस्क असेल आणि ती उघडत नसेल किंवा त्यावर काही लिहिता येत नसेल तर कारण बहुतेक फास्ट स्टार्टअप असतं, त्यात विंडोज पूर्ण बंदच झालेलं नसतं, ते विंडोजमध्ये जाऊन बंद करावं लागतं, म्हणून केबल काढण्याआधीच ते करून ठेवलेलं बरं. सगळं मिळालं याची खात्री झाल्यावर डिस्क्स नावाच्या टूलमध्ये तिची स्मार्ट तपासणी, म्हणजे तब्येतीची तपासणी, केली, पेंडिंग सेक्टर शून्य होते, मग ती लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीत फॉरमॅट केली कारण टाईमशिफ्टला विंडोजची एनटीएफएस पद्धत चालत नाही. आता रोजचे स्नॅपशॉट त्याच जुन्या डिस्कवर जातात.